हातात धरता येणाऱ्या बिटकॉइनमध्ये नक्की काय असतं?

परवा आमचे एक काका घरी आले आणि आल्या आल्या खिशातून एक गोल प्लास्टिकची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत सोनेरी नाणं, मधोमध ते दोन उभ्या रेघांचं मोठं बी, भोवती सर्किटसारखी नक्षी, आणि कडेने बारीक अक्षरांत एक ट्रॉय औंस शुद्ध तांबं असं लिहिलेलं. "एक बिटकॉइन घेतला, ऑनलाइन मिळाला," काका म्हणाले, आणि मग जरा आवाज खाली आणून, "विकायचा झाला तर कुठे विकतात रे हा?"

मला काय बोलावं कळेना. काकांनी आयुष्यभर जपून पैसा वापरलाय, आणि ते एवढ्या विश्वासाने ते नाणं दाखवत होते. फ्रिजवर लावायचं एक मॅग्नेट होतं ते आणून नाण्याजवळ नेलं तर टप्पकन चिकटलं. तांबं मॅग्नेटला चिकटत नाही. म्हणजे बिटकॉइनचं सोडा, त्यावर जे तांबं लिहिलं होतं तेही नव्हतं, आत लोखंड आणि वरून सोनेरी मुलामा.

त्या दिवशी काकांना जे समजावलं तेच इथे नीट लिहितोय, कारण हा गैरसमज फक्त त्यांचा नाही. बातमीत बिटकॉइनचा फोटो म्हटला की कायम हेच चकचकीत नाणं दाखवतात, मग माणसाला वाटणारच ना की बिटकॉइन म्हणजे असं कुठेतरी टाकसाळीत पाडलेलं नाणं असतं आणि ते विकत मिळतं.

तर पहिली गोष्ट, बिटकॉइन हे डिजिटल चलन आहे, त्या नावाची वस्तू कुठेच नसते. कॉम्प्युटरमध्ये फाइल म्हणूनसुद्धा नसते. असते ती एक खातेवही, जी जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवलेली आहे, ३ जानेवारी २००९ ला तिचं पहिलं पान लिहिलं गेलं आणि तेव्हापासून तिच्यात नुसत्या नोंदी वाढत चालल्यात. नोंद काय असते, तर अमुक पत्त्यावर एवढी रक्कम आली, तमुक पत्त्यावर एवढी गेली. बस. पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ, आणि ही वही उघडी आहे, कुठलाही पत्ता टाकून त्यावर किती जमा आहे हे कोणीही बघू शकतं.

मग त्या पत्त्यावरची रक्कम हलवायचा हक्क कोणाला? ज्याच्याकडे त्या पत्त्याची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली आहे त्याला. ही की म्हणजे एक प्रचंड मोठा गुप्त आकडा, साध्या दशमान पद्धतीत लिहायला गेलं तर साधारण ७८ अंकी भरेल एवढा. तो आकडा माहीत असला की रक्कम तुमची, विसरला की गेली, आणि दुसऱ्या कोणाला कळला तर ती त्याचीही तेवढीच. नाव नाही, सही नाही, ओळखपत्र नाही, आणि ज्याच्याकडे तक्रार करायची असा मॅनेजरपण नाही.

एवढं पटलं की नाण्याचं कोडं अर्धं सुटतं. नाण्यात बिटकॉइन असूच शकत नाही, कारण तो वहीतून बाहेर येतच नाही. नाण्यात असू शकते ती फक्त की. म्हणून कोणी सोनेरी नाणं दाखवलं तर एकच प्रश्न विचारायचा, ह्याच्यात की आहे का? नसेल तर ते शोभेचं नाणं, त्याची किंमत त्यातल्या धातूएवढी, आणि लोखंडावर मुलामा असेल तर ती जवळपास काहीच नाही. त्यावर डोजकॉइन, इथेरियम अशा दुसऱ्या डिजिटल चलनांचं चिन्ह असलं, डोजकॉइनचा कुत्रा असो नाहीतर इथेरियमचा हिरा, तरी फरक पडत नाही. नाणं खरंच शुद्ध चांदीचं असेल तर त्याला चांदीचा भाव येईल, पण तो चांदीचा भाव, बिटकॉइनचा नाही.

आता की असलेली नाणी. ही खरोखर होती, आहेत, आणि त्यांची गोष्ट मला ह्या सगळ्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

२०११ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात माइक कॉल्डवेल नावाच्या एका माणसाने कॅसॅशियस नावाची नाणी बनवायला सुरुवात केली. ते नाव त्याने एका इंग्रजी म्हणीच्या आद्याक्षरांवरून बनवलं होतं, जिचा अर्थ साधारण असा की जे आहे त्याला सरळ तेच म्हणा. पितळेचं १ बिटकॉइनचं नाणं, पुढे ५ चं, चांदीचं १० चं, मग सोन्याचा मुलामा दिलेलं २५ चं, १०० ची बार, आणि एक १००० बिटकॉइनचं खऱ्या सोन्याचं नाणंसुद्धा. त्याने केलं काय, तर प्रत्येक नाण्यासाठी एक नवीन की तयार केली, ती एका चिमुकल्या कागदावर छापली, कागद नाण्याच्या मागच्या खळग्यात बसवला आणि वरून होलोग्रामचं स्टिकर चिकटवून टाकलं. मग त्या कीच्या पत्त्यावर वहीत खरोखर तेवढे बिटकॉइन पाठवले.

छापायची की छोटी असावी म्हणून वापरली ती पद्धतही बघण्यासारखी आहे. अख्खा ७८ अंकी आकडा त्या इवल्याशा कागदावर छापला तर वाचणार कोण? म्हणून एक छोटी की, पहिल्या नाण्यांत २२ अक्षरांची आणि नंतरच्यात ३० अक्षरांची, सुरुवात नेहमी इंग्रजी एसने. ही अक्षरं गणिताच्या एका ठरलेल्या घाण्यातून काढली की त्यातून पूर्ण मोठा आकडा बाहेर येतो. आणि टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर ते बहुतेक वेळा लगेच कळावं अशी तपासणीची सोय पण त्यातच होती, कारण इथे एक अक्षर चुकलं तर आत जाताच येत नाही.

स्टिकर असं की सोललं तर खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटते आणि ते परत पहिल्यासारखं होत नाही. म्हणजे नाणं उघडलंय की नाही हे नुसतं बघून कळावं. आणि बाहेरच्या बाजूने त्या पत्त्याची पहिली आठ अक्षरं दिसायची, त्यावरून वहीत पूर्ण पत्ता शोधून रक्कम अजून आहे की कोणी काढली हे तपासता यायचं. २०११ च्या अगदी पहिल्या नाण्यांवर होलोग्राममध्ये नावाचं स्पेलिंगच चुकलं होतं, एक एस राहून गेला होता, आणि आज तीच चुकलेली नाणी संग्राहक जास्त पैसे मोजून घेतात.

अशी सुमारे २८ हजार नाणी आणि बार त्याने बनवले. मग २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन अर्थखात्याच्या फिनसेन ह्या विभागाचं पत्र आलं, की तुम्ही हे जे करताय तो पैसे इकडून तिकडे पाठवायचा धंदा धरला जाईल आणि त्याची नोंदणी लागते, आणि त्याने भरलेली नाणी विकणं थांबवलं. त्याच महिन्याच्या शेवटी बिटकॉइनचा भाव पहिल्यांदा १००० डॉलरला टेकला होता. ज्यांनी २०११ च्या शेवटी शेवटी काही डॉलरच्या भावात १ बिटकॉइनचं नाणं हौस म्हणून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं, त्यांच्या त्याच पितळी चकतीमागची रक्कम डिसेंबर २०२४ मध्ये एक लाख डॉलरच्या वर गेली होती. पितळ तेच. बदललं ते वहीतल्या नोंदीचं मोल.

पण मला जे मनापासून सांगायचंय ते आत्ता येतंय.

सोनं चोरीला गेलं तर जागा रिकामी दिसते. कपाट उघडलं, डबा नाही, कळलं. की चोरीला जाते तेव्हा काहीच रिकामं होत नाही. कोणीतरी त्या कागदाचा फोटो काढला, किंवा नुसतं वाचून लिहून घेतलं, की झालं, तुमच्या हातात नाणं तसंच, वजन तेवढंच, चमक तीच, वहीत रक्कमपण तशीच दिसते आहे, आणि तरीही दुसऱ्या एका माणसाकडे तुमच्याएवढाच हक्क आहे, तो आज रात्री काढेल नाहीतर पाच वर्षं वाट बघून भाव वाढल्यावर काढेल. वहीत बघून एवढंच कळतं की रक्कम आहे. ती फक्त तुमची आहे का, हे कुठेही बघून कळत नाही.

आणि की पहिल्यांदा कोणी बघितली? ज्याने छापली त्याने. म्हणजे अशा नाण्याचं सगळं मोल शेवटी एका माणसाच्या प्रामाणिकपणावर उभं, की त्याने छापल्यावर आपल्याकडची प्रत खरंच पुसून टाकली, आणि त्याच्या कॉम्प्युटरमधून ती दुसऱ्या कोणी उचलली नाही. बिटकॉइनचा सगळा खटाटोप कशासाठी होता, तर मधल्या माणसावर विश्वास ठेवायला लागू नये म्हणून, आणि नाणं बनवलं की तोच मधला माणूस मागच्या दाराने परत आत. कॉल्डवेल ह्या बाबतीत सरळ माणूस होता, कीची प्रत आपण ठेवत नाही असं तो उघड सांगायचा आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. पण आज कुठल्यातरी अनोळखी विक्रेत्याने रक्कम भरलेलं नाणं देतो म्हटलं तर तोच विश्वास त्याच्यावर का ठेवायचा, ह्याचं उत्तर घेणाऱ्याकडे पाहिजे.

आणि विश्वास फक्त बनवणाऱ्यावर ठेवून भागत नाही, मधे ज्या ज्या हातांतून ते नाणं गेलं त्या सगळ्यांवर ठेवावा लागतो. स्टिकर आहे ना, असं वाटेल. पण २०१३ साली डेफकॉन ह्या हॅकर मंडळींच्या संमेलनात काही जणांनी कॅसॅशियसचंच स्टिकर सिरिंजने खालून एक द्रव सोडून सैल केलं, उचललं, आतला कागद बाहेर काढला, आणि सगळं परत जागच्या जागी बसवलं, बघणाऱ्याला सहज कळणार नाही असं. म्हणजे कितीही मोठी रक्कम असली तरी तिच्यात आणि चोरात शेवटी एक चिकटपट्टी.

ह्यावर लोकांनी उपायही काढलेत, आणि ते हुशारीचे आहेत. एक म्हणजे कीला पासवर्ड लावायचा, आणि तोही असा की घेणाऱ्याने आपल्या घरी बसून एक गुप्त शब्द ठरवायचा, त्यातून निघालेला एक कोड तेवढा बनवणाऱ्याला द्यायचा, तो त्या कोडवरून की तयार करून छापेल पण शब्द माहीत नसल्याने स्वतः ती वापरू शकणार नाही. हा प्रस्ताव मांडणाऱ्यांत स्वतः कॉल्डवेल होता, २०१२ मध्ये. म्हणजे आपल्या नाण्यातली कच्ची जागा त्याला पक्की माहीत होती आणि ती बुजवायला तोच बसला होता, ह्याबद्दल मला त्या माणसाचा खरंच आदर वाटतो. अर्थात इथे तो शब्द विसरलात तर नाणं असून नसल्यासारखं.

दुसरा उपाय ओपनडाइम. नाणं नाही, बोटाएवढी यूएसबी स्टिक आहे. ती पहिल्यांदा कॉम्प्युटरला लावायची, आपल्याकडच्या काही फाइल्स, फोटो वगैरे काहीही, तिच्यात टाकायचे, आणि त्यातून ती आतल्या आत की बनवते. ती की कोणालाच दिसत नाही, बनवणाऱ्या कंपनीला नाही, आणि तुम्हालाही नाही. पैसे भरायचे, तपासायचे, दुसऱ्याला हातात द्यायची, सगळं की न बघता. बाहेर काढायचे तेव्हा टाचणीने स्टिकवर ठरवून दिलेल्या जागी टोचून आरपार भोक पाडायचं, आतला एक बारका तुकडा तुटतो आणि मग की उघडी होते. एकदा फोडली की फोडली, मातीच्या गल्ल्यासारखी. ह्यात काय सुटलं बघा, एखाद्याने गुपचूप की बघून ठेवली असेल ही धाकधूक संपली, कारण बघायचं असेल तर फोडावीच लागते.

आता समजा तुमच्याकडे खरंच जुनं, स्टिकर शाबूत असलेलं नाणं निघालं. कोणाच्या जुन्या सामानात, कोणी भेट दिलेलं, काहीही. तर आधी काहीच सोलू नका, हे मी हात जोडून सांगतो. ह्या नाण्याला दोन वेगवेगळी मोलं आहेत, एक वहीतल्या रकमेचं आणि दुसरं संग्राहकांसाठी दुर्मिळ वस्तू म्हणून, आणि स्टिकर सोललं की दुसरं त्याच क्षणी बरंचसं जातं. न उघडलेली कॅसॅशियस नाणी लिलावात आतल्या रकमेपेक्षा जास्त भावाला गेलेली आहेत, विशेषतः लहान रकमेची. सोललेली रिकामी नाणीसुद्धा विकली जातात, पण ते हौसेचे पैसे. त्यामुळे आधी बाहेर दिसणाऱ्या अक्षरांवरून पत्ता शोधा, वहीत रक्कम आहे का बघा. कधी कधी नाणं बाहेरून अगदी कोरं दिसतं आणि वहीत ती रक्कम केव्हाच काढल्याची नोंद असते, मग एकतर स्टिकर नंतर चिकटवलंय, किंवा कीची प्रत आधीच कोणाकडे होती, किंवा नाणंच नकली आहे. ह्या नाण्यांच्या नकला निघाल्यात, त्यामुळे पत्ता जुळणं ही पहिली पायरी झाली, शेवटची नाही.

आणि एक गंमत जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते, १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनच्या वहीला फाटा फुटला आणि त्यातून बिटकॉइन कॅश नावाची वेगळी वही सुरू झाली, जुन्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा घेऊन. त्यामुळे त्याआधी भरलेलं आणि तोपर्यंत न उघडलेलं जे नाणं आहे त्याच्या कीवर दोन्हीकडे रक्कम आहे, तेवढेच बिटकॉइन आणि तेवढेच बिटकॉइन कॅश. भाव दुसऱ्याचा खूप कमी आहे, पण आहे ते सोडायचं कशाला. फक्त आधी बिटकॉइन सुरक्षित जागी हलवायचे आणि मगच त्याच्या मागे लागायचं, उलटं कधीही नाही.

उघडायचंच ठरलं, तर घाई नको. आधी स्वतःचं वॉलेट, म्हणजे की सांभाळणारं आणि रक्कम हलवणारं ॲप, तयार ठेवा, ज्याची की फक्त तुमच्याकडे आहे. मग सोला, आणि वॉलेटमध्ये स्वीप नावाची सोय असते ती वापरून सगळीच्या सगळी रक्कम एका दमात नवीन पत्त्यावर घ्या. थोडी काढू, बाकी नाण्यातच राहू दे असं करू नका, कारण थोडी काढली की उरलेली रक्कम परत त्याच पत्त्यावर येईल असं नसतं, वॉलेट ती दुसऱ्याच नव्या पत्त्यावर टाकू शकतं, आणि लोकांनी असे पैसे गमावलेत. "तुमच्या नाण्यात किती आहे ते सांगतो" म्हणणाऱ्या कुठल्यातरी वेबसाइटवर ती की टाइप करायची नाही, कोणाला फोटो पाठवायचा नाही, मदत करतो म्हणणाऱ्यालाही नाही. किती आहे हे बघायला पत्ता पुरतो. की मागणारा माणूस पैसेच मागतोय असं समजा.

घ्यायचं असेल त्यांनी काय करावं? हौस म्हणून शोभेचं नाणं घ्या की, टेबलावर छान दिसतं, फक्त ते शोभेच्या वस्तूच्या किमतीत घ्या. संग्राहक म्हणून जुनं भरलेलं नाणं घ्यायचं असेल तर ज्या संस्था नाण्यांची पारख करून सीलबंद करून देतात त्यांच्याकडून तपासलेलं घ्या, आणि तरी लक्षात ठेवा की पारख करणारा धातू आणि स्टिकर तपासतो, कागदावरची की आजवर कोणी वाचली का हे तोही सांगू शकत नाही. आणि नुसते बिटकॉइनच घ्यायचे असतील तर नाण्याच्या वाटेला जायचंच कशाला, वहीत थेट आपल्या पत्त्यावर घ्यावेत, सुट्टेही घेता येतात, एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात आणि त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. अख्खा एक घ्यावा लागतो हा समज पण ह्या नाण्याच्या फोटोंनीच पसरवलाय असं मला वाटतं, कारण नाणं दिसलं की आपण ते मोजतो, एक, दोन, तीन.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग डबी उघडून नाणं पालथं केलं, अंगठा फिरवून बघितला, कुठे स्टिकर नाही, खळगा नाही, मागे नुसती नक्षी. "म्हणजे ह्याच्यात ती किल्ली नाहीच," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले की अजून दहा मागवलीत, नातवंडांच्या नावाने एकेक ठेवायची म्हणून, उद्या निघणार आहेत. मी त्यांचा फोन घेतला, ऑर्डर शोधली, अजून पाठवली नव्हती, आणि तिथल्या तिथे कॅन्सल केली. पैसे परत येतील असा मेसेज आला तो काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला.